दंड कोणाच्या खिशातून?

महाराष्ट्रात मंत्र्याचा राजीनामा हा आता एक ठरलेला विधी झाला आहे. आधी आठ-पंधरा दिवस मथळे, मग विरोधकांचा सभात्याग, मग मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर मध्यरात्रीची खलबते आणि शेवटी 'नैतिक जबाबदारी स्वीकारून' हे तीन शब्द लिहिलेले एक पत्र. पत्र राज्यपालांकडे पोहोचले की प्रकरण मिटले, असे जनतेने समजायचे असते. आणि जनता तसे समजतेही! २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर गृहमंत्री आर. आर. पाटील पायउतार झाले. वर्ष उलटायच्या आत, २००९ च्या निवडणुकीनंतर, तेच पुन्हा गृहमंत्री झाले. मुख्यमंत्री विलासराव देशमुख त्याच डिसेंबरात गेले आणि मे २००९ मध्ये केंद्रात मंत्री झाले. याला राजीनामा म्हणायचे की रजा?

अलीकडचे उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या ९ डिसेंबर २०२४ ची. त्या प्रकरणात मंत्री धनंजय मुंडे यांच्या निकटवर्तीयाचे नाव आले, तरी मंत्र्यांच्या राजीनाम्याला ४ मार्च २०२५ उजाडावे लागले. मधे ८५ दिवस गेले. आणि राजीनामा आला तेव्हा दिलेल्या कारणांत प्रकृतीचेही कारण होते. मंत्री दोषी आहेत असे आमचे म्हणणे नाही, तो निर्णय न्यायालयाचा. पण ज्या राज्यात एका सरपंचाचा खून होतो, त्या राज्याच्या मंत्रिमंडळाला हलायला पावणेतीन महिने लागतात, हे साधे सत्य आहे.

राजीनाम्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला आज १० लाख रुपयांचा एक जुना हिशेब वाचकांपुढे मांडायचा आहे. तो विसरला गेला आहे आणि तो विसरणे आपल्याला परवडणारे नाही.

साल २००६. विदर्भात कापूस उत्पादक शेतकरी रोज गळफास घेत होता, विष पीत होता. बुलडाणा जिल्ह्यातील खामगाव परिसरातील एका शेतकऱ्याने सावकारी पाशाविरुद्ध तक्रार केली. सावकार कोण? तर सत्ताधारी पक्षाच्या तत्कालीन आमदारांचे वडील. तक्रार पोलीस ठाण्यात गेली आणि तिच्या पाठोपाठ मुंबईहून मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाचा फोनही गेला. पुढे जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्हा पोलीस प्रमुखांना लेखी कळवले की, या कुटुंबाविरुद्धच्या सावकारीच्या तक्रारी आधी जिल्हास्तरीय समितीपुढे ठेवाव्यात, सरकारी वकिलांचे मत घ्यावे आणि मगच कारवाई करावी, असे मुख्यमंत्र्यांचे आदेश आहेत. म्हणजे सर्वसामान्य माणसासाठी फौजदारी प्रक्रिया संहिता आणि एका कुटुंबासाठी खास वेगळी संहिता! ही घडामोड मे अखेरीची आणि जूनच्या पहिल्या आठवड्याची. त्याच महिन्याच्या शेवटी पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, शेतकऱ्यांच्या घरी गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करून परतले. त्या सहा जिल्ह्यांत बुलडाणा होता.

एका हाताने पॅकेज आणि दुसऱ्या हाताने फोन. शेतकऱ्याने कोणता हात खरा मानायचा?

तो शेतकरी गप्प बसला नाही. तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. २००९ मध्ये खंडपीठाने शासनाविरुद्ध निकाल दिला आणि शासनाला २५ हजार रुपये खर्च भरायला लावला. येथे तरी सरकारने मान खाली घालायची होती. पण सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. एका सावकाराला मिळालेल्या संरक्षणाचा बचाव करण्यासाठी महाराष्ट्राच्या जनतेच्या पैशाने दिल्लीत वकील उभे राहिले! १४ डिसेंबर २०१० रोजी न्या. सिंघवी व न्या. गांगुली यांच्या पीठाने ते अपील फेटाळले. मुख्यमंत्र्यांचे असे आदेश संविधानाच्या चौकटीत कोठेच बसत नाहीत, असे सुनावले आणि २५ हजारांचा खर्च वाढवून १० लाख रुपये केला. ही रक्कम राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे जमा करून गरीब शेतकऱ्यांच्या खटल्यांसाठी राखून ठेवावी, असेही सांगितले.

त्या दिवशी आमच्या बार रूममध्ये आनंद होता. न्यायालयाने सत्तेला चपराक दिली, असे जो तो म्हणत होता. आम्हीही तो निकाल छापून काढला, अशिलांना वाचून दाखवला. पण आदेशातील एक ओळ पुनःपुन्हा वाचावी अशी आहे. १० लाख रुपये भरायचे होते राज्य शासनाने.

राज्य शासन म्हणजे कोण? खामगावच्या बाजारात काडेपेटी घेणारी म्हातारी कर भरते, तिचे पैसे. कळंबोलीच्या नाक्यावर उभा राहणारा मजूर एसटीचे तिकीट काढतो, त्यातला कर. ज्या शेतकऱ्याची तक्रार दाबली गेली, त्यानेही बियाणे-खते घेताना जो कर भरला त्यातला वाटा त्या १० लाखांत असणार. शेतकऱ्यांवर अन्याय झाला म्हणून शेतकऱ्यांच्याच पैशातून शेतकऱ्यांसाठी निधी. फोन ज्याच्या दालनातून गेला, त्याच्या खिशाला तोशीस नाही. विलासराव त्या वेळी केंद्रात अवजड उद्योगमंत्री होते. निकालानंतर त्यांचा राजीनामा मागितला गेला, तो आला नाही. महिनाभरात, जानेवारी २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळात फेरबदल झाले आणि त्यांच्याकडे खाते आले ते ग्रामविकासाचे! ग्रामीण भारताचा विकास करण्यासाठी काँग्रेसला त्या महिन्यात दुसरा माणूस सापडला नाही.

विलासराव आज हयात नाहीत. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. गेलेल्या माणसाला कोर्टात उभे करण्यात आम्हाला रस नाही, आणि हा दोष एका पक्षाचाही नाही. जुलै २०२५ मध्ये महायुतीचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. सरकारने काय केले? कृषी खाते काढून घेतले आणि क्रीडा खाते दिले. हा विनोद आम्ही केलेला नाही, शासनाने केला आहे. खाते बदलणे हीच शिक्षा, हा नियम २०११ मध्ये दिल्लीत होता तसाच २०२५ मध्ये मुंबईतही लागू आहे.

मंत्री शपथ घेतो तेव्हा काय म्हणतो, ते संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत लिहिलेले आहे. निर्भयपणे व निःस्पृहपणे, कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सर्व तऱ्हेच्या लोकांना न्याय्य वागणूक देईन. 'ममत्वभाव' हा शब्द पाहा. पैसे खाणे एवढाच गैरवर्तनाचा अर्थ आपण धरून बसलो आहोत. आपल्या माणसासाठी फोन करणे हेही शपथेच्या विरुद्धच आहे, मग त्यात एक रुपयाही हातात पडला नसला तरी. आमदार आपला, आमदाराचे वडील आपले, म्हणून कायदा थोडा थांबवा, हाच तो ममत्वभाव. तो जातीसाठी असतो, गोतासाठी असतो, पक्षासाठी असतो. ज्या समाजाचा मंत्रालयात कोणी 'आपला' नाही, त्या समाजाला या शब्दाची किंमत कळते.

मंत्र्याला व्यक्तिशः दंड करता येत नाही का? आमचे काही तरुण कार्यकर्ते विचारतात. प्रयत्न झाला होता. नरसिंह राव सरकारातील पेट्रोलियम मंत्री कॅप्टन सतीश शर्मा यांनी स्वेच्छाधिकारात पेट्रोल पंप वाटले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ पंपांचे वाटप रद्द केले आणि मंत्र्यांना स्वतःच्या खिशातून ५० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. देशभर केवढी खळबळ उडाली! पण १९९९ मध्ये पुनर्विलोकनात सर्वोच्च न्यायालयानेच तो आदेश मागे घेतला. व्यक्तिगत नुकसान झालेला कोणी वादी समोर नाही, अशा स्वरूपाचे कारणही त्यात होते. आम्ही त्या निकालाशी वकील म्हणून भांडू शकतो, पण तूर्त तो कायदा आहे. मात्र खामगावच्या प्रकरणात नुकसान झालेला माणूस समोर उभा होता! त्याचे नाव होते, गाव होते. शिवाय १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, सत्तेचा वापर करून नागरिकाला छळले असेल तर भरपाई आधी सरकारी खजिन्यातून द्यावी आणि नंतर जो जबाबदार असेल त्याच्याकडून वसूल करावी. म्हणजे वाट होती. २०१० मध्ये ती वाट चालली गेली नाही.

ही वसुली बाबूकडून होते, साहेबाकडून होत नाही. तलाठ्याची वेतनवाढ रोखली जाते, हवालदार निलंबित होतो, ग्रामसेवकाची चौकशी लागते. रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात आपल्या दहा माणसांचे प्राण गेले. बारा वर्षांनी, २००९ मध्ये, सत्र न्यायालयाने राज्य राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्याला दोषी ठरवले. त्या गोळीबाराची जबाबदारी स्वीकारून कोणी मंत्री घरी गेल्याचे या महाराष्ट्राला आठवते का? जबाबदारीची साखळी वरच्या टोकाला नेहमी तुटलेली असते आणि खालच्या टोकाला घट्ट बांधलेली.

काही जण म्हणतील की, बाबासाहेबांनी संविधानातच पक्की तरतूद करून ठेवायला हवी होती. संविधान सभेत हा प्रश्न आला होता. डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्त्या सुचवल्या होत्या. लाचलुचपतीसारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस मंत्री होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता आणि मंत्र्यांनी आपली मालमत्ता व हितसंबंध जाहीर करावेत, असाही. डॉ. बाबासाहेबांनी हेतूला विरोध केला नाही. मात्र हा विषय पंतप्रधानांच्या व विधिमंडळाच्या विवेकावर सोडावा आणि या दोघांवर जनतेची नजर असावी, अशी त्यांची भूमिका होती. जनतेची नजर! तिघांपैकी दोघे सत्तेत बसलेले आणि तिसरी जनता.

त्याआधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सादर करताना त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत बाजूला ठेवून संसदीय पद्धत का घेतली, हे सांगितले होते. तिथे सरकार जास्त स्थिर असते, इथे ते जास्त जबाबदार असते. इथे सरकारच्या जबाबदारीचे मूल्यमापन पाच वर्षांनी एकदा मतपेटीत होतेच, पण ते रोज सभागृहातही होते: प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासाच्या प्रस्तावांनी, चर्चेने. रोजचा हिशेब हा बाबासाहेबांच्या योजनेचा कणा आहे. आता डिसेंबर २०२४ चे नागपूरचे हिवाळी अधिवेशन पाहा. मस्साजोगची हत्या होऊन आठवडा झाला होता. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर आपला तरुण कोठडीत मरण पावला होता. आणि अधिवेशन चालले १६ ते २१ तारखेपर्यंत. सहा दिवस! रोजचा हिशेब मागायला रोज सभागृह तरी भरावे लागते ना?

बाबासाहेबांचा स्वतःचा राजीनामाही आठवावा. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडले. हिंदू कोड बिलाची झालेली कोंडी, मागासवर्गीयांची उपेक्षा, परराष्ट्र धोरण असे एकेक कारण त्यांनी लेखी दिले. १० ऑक्टोबरला संसदेत निवेदन करायला उभे राहिले, तेव्हा निवेदनाची प्रत आधी द्या असे उपसभापतींनी म्हटले. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. का गेलो, याचा पूर्ण जाब त्यांनी जनतेपुढे ठेवला, आणि तोही स्वतःचा काही गुन्हा नसताना. त्यांनी प्रकृतीचे कारण दिले असते तर ते खोटेही ठरले नसते. त्यांची प्रकृती खरोखर ढासळत होती.

मग आपण, जनता म्हणून, नजर ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे? मोर्चे आपण काढतो, निवेदने देतो, ती दिलीच पाहिजेत. पण खामगावच्या प्रकरणात सर्वांत मोलाची गोष्ट कोणती होती? मुख्यमंत्री कार्यालयाचा फोन हवेत विरून जायला हवा होता. नेहमी तसेच होते. फोनला आवक क्रमांक नसतो, जावक क्रमांक नसतो, शिक्का नसतो. पण त्या ठाण्यातील कोणीतरी तो फोन स्टेशन डायरीत नोंदवला. जिल्हाधिकाऱ्यांनीही आदेश तोंडी न ठेवता पत्रात लिहिला. ती डायरी आणि ते पत्र न्यायालयापुढे आले, म्हणून मुख्यमंत्र्यांच्या दालनापर्यंत बोट पोहोचले. ती नोंद नसती, तर त्या शेतकऱ्याचे म्हणणे म्हणजे एका गरिबाचा कांगावा ठरला असता. आम्ही अशा कांगाव्यांच्या फायली आमच्या कपाटात पाहतो.

जिल्हा न्यायालयात वकिली करताना आमचा अनुभव असा की, ॲट्रॉसिटीची फिर्याद घेऊन माणूस ठाण्यात जातो तेव्हा ठाणे अंमलदार नकार देत नाही. तो चहा देतो. 'साहेब येऊ द्या' म्हणतो. संध्याकाळी साहेब येतात आणि हळूच सांगतात, 'वरून फोन आहे हो, समजून घ्या.' वरून म्हणजे कोठून, हे कोणी सांगत नाही. एका वस्तीतील बाया आमच्याकडे तीन दिवस फेऱ्या मारून आल्या, त्यांनाही हेच वाक्य ऐकवले गेले होते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ नुसार कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे. २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने सांगून टाकले की, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे. म्हणजे फोन ऐकणारा अडकतो आणि फोन करणारा सुटतो.

त्याच २०१३ सालच्या ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यन खटल्यात म्हटले की, सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये. तोंडी आदेश मिळाला तर तो लेखी नोंदवावा. अखिल भारतीय सेवेच्या वर्तणूक नियमांतही तोंडी आदेशाची लेखी पुष्टी घेण्याची तरतूद आहे. कायदा आहे. लिहिणारा हात हवा.

आणि लिहिणारे हात आपल्याकडे आहेत. राखीव जागांतून, रात्रशाळांतून, आईच्या मजुरीतून शिकून आपली मुले-मुली आज ठाणे अंमलदार आहेत, अव्वल कारकून आहेत, स्वीय सहायक आहेत, कक्ष अधिकारी आहेत. त्यांच्यावर दबाव किती असतो हे आम्हाला ठाऊक आहे. नोकरी जाईल, बदली गडचिरोलीला होईल, गोपनीय अहवाल खराब होईल. हौतात्म्य पत्करा असे आम्ही त्यांना सांगत नाही. फोन आला तर वेळ आणि नाव डायरीत टाका, एवढेच आमचे सांगणे आहे. 'अमुक यांचा दूरध्वनी, अमुक वाजता, अमुक सूचना.' ही बंडखोरी नाही, ही नियमाने सांगितलेली नोंद आहे, आणि उद्या चौकशी लागली तर तीच तुम्हाला वाचवेल. ज्याने फोन केला तो तेव्हा ओळख दाखवणार नाही.

बाहेर असलेल्यांसाठीही काम आहे. फिर्याद घेतली नाही तर परत फिरू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या वाटा कलम १७३ आणि १७५ मध्ये आहेत. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका: अमुक तारखेची स्टेशन डायरी, माझ्या तक्रारीवर झालेला पत्रव्यवहार आणि त्या फायलीवरील टिप्पण्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. तपासाला अडथळा येईल असे सांगून माहिती नाकारतील. अडथळा कसा येईल ते लेखी विचारा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. आणि नोंद हाती लागली की ती घेऊन वकिलाकडे या. याचिकेत शासनासोबत त्या व्यक्तीलाही नावानिशी प्रतिवादी करायचे आणि खर्च तिच्याकडूनच वसूल व्हावा ही मागणी पहिल्याच पानावर घालायची.